विद्यांची भाऊबंदकी

कोणत्याही विद्यापीठाचे माहितीपत्रक उघडावे, त्यात एक यादी मोठ्या अभिमानाने छापलेली आढळते. अभियांत्रिकीत इतके प्रबंध, जीवशास्त्रात इतके, मानव्यविद्यांत इतके, ललितकलांत इतके. आणि शेवटी असे वाक्य, की आमच्या येथील संशोधनाची विविधता पाहून कोणीही थक्क व्हावे! आम्हीही थक्क होतो, पण निराळ्या कारणाने. वाण्याच्या दुकानात हिंग, गूळ, सुतळी आणि घासलेट एकाच छपराखाली नांदतात, म्हणून त्या दुकानास कोणी स्वयंपाकघर म्हणत नाही. जिन्नस एकत्र येतात ते चुलीपाशी. आमच्या विद्यांची ती चूल कोठे आहे, एवढाच प्रश्न आम्हांस विचारावयाचा आहे. आणि तो आम्ही सभागृहात न विचारता देपालपूरच्या एका शेताच्या बांधावर उभे राहून विचारणार आहोत.

देपालपूर हे इंदूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. इंदूरहून वायव्येस चाळीसेक किलोमीटरांवर. जमीन काळी, चिकण, ओल धरून ठेवणारी. पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात गहू, असा तेथील आजचा क्रम. चैत्राच्या अखेरीस आम्ही त्या बाजूस गेलो होतो. गहू निघाला होता. कापणीच्या यंत्राने वरच्या ओंब्या तेवढ्या नेल्या होत्या आणि खाली हातभर उंचीचे खुंट उभे होते. त्यांस तिकडे नरवाई म्हणतात. दिवस मावळताना एका टोकास कोणी काडी लावली, आणि पाहता पाहता आगीची एक रांग शिवारभर सरकत गेली. सकाळी काळ्या मातीवर तिच्याहून काळी राख उरली होती. जवळच ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यास आम्ही विचारले, "बाबा, हे सोन्यासारखे खत का जाळता?" तो माळवीत जे बोलला, त्याचा भावार्थ असा: "घरात बैल उरले नाहीत, भुसा राखू कोणासाठी? मजूर मिळत नाही, उचलू कोणाकडून?" त्याच्या या दोन प्रश्नांची उत्तरे आम्हांपाशी नव्हती.

ही गोष्ट मनास लागली ती अशासाठी, की शेतातील टाकाऊ काडीकचऱ्याचे काय करावे, याचे उत्तर ज्या गावाने साऱ्या जगास दिले, ते गाव तेथून तासाभराच्या वाटेवर आहे. १९३१ साली आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांच्या नावे शेतीतील टाकाऊ पदार्थांवरील एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात वर्णिलेली खत करण्याची रीत आजही जगभर 'इंदूर पद्धती' या नावानेच ओळखली जाते. सिलोन-आफ्रिकेतल्या चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत जी रीत पोहोचली, ती देपालपूरपर्यंत पोहोचून टिकू शकली नाही. असे का व्हावे?

या आगीविषयी ज्ञानाचा तुटवडा आहे काय? मुळीच नाही. जीवशास्त्राचा अभ्यासक सांगेल की, या आगीत मातीच्या वरच्या थरातील जीवजंतू होरपळतात आणि जे मातीत मुरावयाचे ते धुरावाटे निघून जाते. अभियंता सांगेल की, उभ्या खुंटांतच पुढची पेरणी करणारी यंत्रे आता मिळतात. अर्थशास्त्राचा अभ्यासक यंत्राचे भाडे, मजुरी आणि भुशाचा भाव यांचा हिशेब मांडून दाखवील. समाजशास्त्राचा अभ्यासक सांगेल की, ट्रॅक्टर आला तसे बैल गेले. सोयाबीन आले तशी ज्वारी आटली आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. माळव्यातील लोकगीतांचा अभ्यासक याच वियोगाची दुसरी बाजू सांगेल: दिवाळीत गुराढोरांपुढे जी हीड गायिली जात असे, ती गाणारे गळे आता थोडे उरले आहेत. पाचही जणांचे म्हणणे खरे आहे. परंतु पाचांचे पाच प्रबंध पाच कपाटांत आहेत, त्यांचे परीक्षक वेगळे आहेत, आणि ते लिहिले आहेत अशा भाषेत, की ओट्यावरच्या त्या वृद्धास त्यातले एक वाक्यही उमगू नये.

विद्या अशा आपापल्या कपाटात बसल्या म्हणजे बाहेर बोलावयास दंड तेवढा उरतो. १ मे २०२५ पासून नरवाई जाळणाऱ्या शेतकऱ्यास मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ मिळू नये आणि त्याचे धान्य आधारभूत किमतीने घेतले जाऊ नये, असे मध्यप्रदेश सरकारने ठरविले. आग वाईट आहे, याविषयी आमचे दुमत नाही. पण 'भुसा राखू कोणासाठी?' या प्रश्नास 'तुझे अनुदान बंद' हे उत्तर होऊ शकत नाही. जो प्रश्न पाच विद्यांनी मिळून सोडवावयाचा, तो एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारण्यात आला आहे.

आमच्या खेड्यांतून भाऊबंदकी कशी वाढते, हे वाचकांस सांगावयास नको. जमीन एक असते, वाटण्या होतात, बांध घातले जातात, आणि मग पिकापेक्षा बांधाचीच राखण अधिक जिवापाड होऊ लागते. विद्यांचे आज असेच झाले आहे. वाटणी गैर होती, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या विहिरीवर सर्वांचा सामाईक हक्क, तिची मोट ओढावयासही कोणी कोणाच्या बांधावर पाऊल टाकू नये, ही कोठली रीत?

इंदूरला हे दूषण लावताना आम्हांस विशेष वाईट वाटते. कारण हे बांध ओलांडण्याचा धडा याच शहराने दोन वेळा गिरविलेला आहे.

पहिला धडा पॅट्रिक गेडिस यांचा. हे गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ. हक्सलेंचे शिष्य आणि स्कॉटलंडमधील डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून त्यांनी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल लिहिला. तो १९१८ साली दोन खंडांत निघाला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. शहर हे जिवंत शरीर आहे, तेव्हा शस्त्रक्रिया करावयाची ती अवयव राखून, हा त्यांचा आग्रह. नदी, गटारे, घरे, बागा यांबरोबरच त्याच अहवालात त्यांनी इंदूर येथे व्हावयाच्या विद्यापीठाचाही विचार मांडला. आणि प्लेगच्या त्या दिवसांत लोकांस स्वच्छता पटवावी कशी, तर केवळ हुकूम काढून नव्हे. त्यांनी दिवाळीत एक भव्य मिरवणूक काढविली. तीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि शहर झाडणाऱ्या माणसांस नवी वस्त्रे देऊन मानाने चालविले होते. या कामास काय म्हणावे? हे जीवशास्त्र की अभियांत्रिकी, नाट्यकला की समाजशास्त्र? गेडिस यांस हा प्रश्न पडलाच नसता. पुढे १९१९ साली हेच वनस्पतिशास्त्रज्ञ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या मनातले विद्यापीठ मात्र इंदूरला १९६४ साली मिळाले. आणि मिळाले ते विभागाविभागांत वाटलेले, जसे ते आज सर्वत्र असते.

दुसरा धडा हॉवर्ड आणि वाड यांचा. हॉवर्ड १९०५ साली बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. तेथे त्यांस जो अनुभव आला तो आजच्या कोणाही संशोधकास ओळखीचा वाटेल. रोप एकच, पण त्यावरची बुरशी एका विभागाची, कीड दुसऱ्याची, माती तिसऱ्याची, आणि सगळे रोप पाहणारा कोणीच नाही. या वाटणीस कंटाळून त्यांनी अशा संस्थेचा ध्यास घेतला, की जेथे पीक हे पीक म्हणून अभ्यासले जाईल. १९२४ साली इंदूर येथे सुमारे ३०० एकर जमिनीवर ती संस्था उभी राहिली. त्यांची पत्नी गॅब्रिएल याही नाणावलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ; १९३० साली त्यांचे निधन होईपर्यंत हे काम दोघांचे होते.

या संस्थेत प्रश्न होता कापसाचा. पण कापसाचा माग काढीत ही मंडळी काळ्या मातीत हवा खेळते की नाही येथे पोहोचली. तेथून पावसाचे साचलेले पाणी काढून देण्याकडे, तेथून मातीतील ह्यूमसकडे, तेथून गोठ्याकडे, आणि गोठ्यातून शेण चुलीत का जाते या घराघरांतल्या प्रश्नाकडे. पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचावयाचे, ओल राखावयाची, हवा लागावी म्हणून ठरल्या वेळी तीनदा उलथावयाचे, सुमारे ९० दिवसांत खत तयार! ऐकावयास हे किती सोपे! पण या साधेपणामागे वाडांचे रसायनशास्त्र आहे, बुरशी व जीवाणूंचा अभ्यास आहे, चीनमधल्या शेतकऱ्यांच्या शतकानुशतकांच्या रीतींचे वाचन आहे, आणि माळव्यातल्या बैलगाडीवाल्या शेतकऱ्यास परवडेल तेवढेच साहित्य वापरण्याचा निर्धार आहे. मजुरांच्या कामाचे तास कमी करणे, त्यांस वेळेवर वेतन आणि राहण्यास बरी घरे देणे, हेही या संस्थेने आपल्या कामाचाच भाग मानले. शेतकरी आणि पिकांवरची कीड यांना हॉवर्ड आपले अध्यापक म्हणत. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आलेले गांधीजी मुद्दाम ही खताची रीत पाहावयास गेले होते. साहित्याच्या मांडवातून उठून खताच्या खड्ड्याकडे जाण्यात त्यांस काही विसंगती वाटली नाही. आम्हांस ती वाटते, हाच आमचा रोग आहे.

यावर विद्वानांचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: "आजच्या काळी एका विषयात निष्णात व्हावयासही आयुष्य पुरत नाही, तुम्ही सर्वांस सर्व विषय शिकवून अर्धवटांची पैदास करणार काय?" हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही, अर्धवटांचे पीक आमच्याकडे आधीच मुबलक आहे. परंतु वाड हे रसायनशास्त्रज्ञ होते आणि रसायनशास्त्रज्ञच राहिले. त्यांनी आपले शास्त्र सोडले नाही; ते शास्त्र कोणत्या प्रश्नास लावावयाचे, हे मात्र त्यांनी एकट्याने आपल्या खोलीत बसून ठरविले नाही. विहिरी वेगळ्या असोत, खोलही असोत. पण पाझर एक आहे हे विसरू नये, एवढेच आमचे म्हणणे. शिवाय, इंदूर पद्धतीची मर्यादाही आम्ही लपवीत नाही. ती पद्धती मनुष्यबळ मागते, पाणी मागते आणि शेण मागते. वीस एकरांची नरवाई खड्ड्यात रचावयास देपालपूरच्या त्या वृद्धाने माणसे कोठून आणावी? म्हणूनच १९३१ चे उत्तर आज जसेच्या तसे चालणार नाही. चालेल ती उत्तर शोधण्याची त्यांची रीत.

दुसरा आक्षेप अधिक उर्मट आहे. "अभियांत्रिकी आणि जीवशास्त्र हे खरे संशोधन; कला आणि मानव्यविद्या ही जेवणानंतरची सुपारी." असे उघड कोणी बोलत नाही, पैशांची वाटणी मात्र तसेच बोलते. या मंडळींस आम्ही इंदूरच्या पलीकडे देवासला नेऊ इच्छितो. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी माळव्यात देवासला आले. गाणे बंद होते. कान मात्र उघडे होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळवी लोकधुना ऐकल्या, टिपल्या, त्यांची घडण तपासली. आणि रागाचे बीज धुनेत कसे असते हे नवे राग बांधून सिद्ध करून दाखविले. त्यांचे 'अनूपरागविलास' १९६५ साली प्रसिद्ध झाले. निरीक्षण, संग्रह, तुलना, सिद्धान्त आणि त्याची जाहीर परीक्षा, यांपैकी संशोधनाचे कोणते लक्षण येथे उणे आहे?

आणि आमच्या कोंकणी वाचकांस दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण करून द्यावयास हवे काय? १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा गणितज्ञ. १९४४ साली त्यांनी मांडलेले सूत्र गुणसूत्रावरील जनुकांची अंतरे मोजण्यासाठी जीवशास्त्रज्ञ अजून वापरतात. त्याच माणसाने हजारो प्राचीन नाणी तराजूत तोलून, झिजलेल्या वजनावरून इतिहासाचा काळ वाचला. १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासास नवे वळण देणारा ग्रंथ लिहिला. गणित त्यांनी कधी टाकले नाही. ते घेऊन ते टेकड्यांवर, लेण्यांत आणि धनगरांच्या वाटांवर गेले. १९६६ साली ते वारले. आज ते असते, तर त्यांनी अर्ज कोणत्या विभागाकडे करावयाचा, हे कोणी सांगेल काय?

माळव्याची गोष्ट गोमंतकाला परकी आहे, असेही कोणी समजू नये. तेथील खाजनाचेच पाहा. खाऱ्या पाण्यास अडविणारा बांध, भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारी मानस, आत खारे सोसणारे कोरगुट भात, पाण्यात मासळी, शेजारी मिठागर, आणि या सर्वांचा कारभार पाहणारी गांवकारी. यातली अभियांत्रिकी कोठे संपते आणि जीवशास्त्र कोठे सुरू होते? गांवकारीची पकड सैल झाली, मासळीच्या लोभाने मानशीचे दरवाजे नको तेव्हा उघडे राहू लागले, खारे पाणी शेतात शिरले, आणि भात जाऊन तेथे कांदळ उगवले. बांधाची फूट मोजणारा अभियंता, कांदळ मोजणारा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि कुळकायदा वाचणारा वकील, तिघेही एकाच दुखण्याच्या तीन नाड्या पाहत आहेत. देपालपूरची आग आणि खाजनातले खारे पाणी ही एकाच आजाराची दोन रूपे होत.

पण दुसऱ्यांवर आसूड ओढून आम्ही घरी निवांत झोपावे, हे बरे नव्हे. साहित्य आणि संस्कृती यांच्या नावाने चालणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींचा या पापात मोठा वाटा आहे. इंदूरचे नाव निघाले की आम्ही अहिल्याबाईंपासून आरंभ करतो, १९१७ आणि २००१ या सालांच्या साहित्य संमेलनांच्या आठवणी काढतो, देवळालीकरांच्या चित्रशाळेतून बेंद्रे आणि हुसेन कसे घडले हे सांगतो. आणि हे सांगावेच. पण यशवंत वाड हे नाव आमच्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? जगभराच्या शेतीस ज्या ग्रंथाने वळण दिले, त्यावर हॉवर्डांच्या जोडीने ज्याचे नाव आहे, तो रसायनशास्त्रज्ञ आमच्या सांस्कृतिक इतिहासात बसत नाही. कारण त्याने कविता लिहिली नाही, खत केले! त्याच चित्रशाळेतले विष्णु चिंचाळकर गुरुजी वाळक्या काटक्यांतून, पानांतून आणि टाकाऊ वस्तूंतून आकृती शोधीत असत. कचऱ्यास कचरा न मानणारे हे दोघे एकाच शहराचे. पण एकाचे नाव कलादालनात आणि दुसऱ्याचे शेतकी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर. दोघांस एका लेखात आणावे, हे आमच्याही लेखणीस आजवर सुचले नव्हते. शास्त्रज्ञ आमच्याकडे पाहत नाहीत, ही तक्रार आम्ही कोणत्या तोंडाने करावी?

तेव्हा आमची मागणी थोडकी आहे. इंदुरात आज संस्थांचा दुष्काळ नाही. तेथे विद्यापीठ आहे. १९५२ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १९८७ पासूनचे सोयाबीन संशोधन केंद्र आहे. २००९ साली स्थापन झालेली तंत्रज्ञान संस्था आहे. हॉवर्ड-वाडांच्या भूमीवर शेतकी महाविद्यालय आहे. आमचा रोख यांपैकी कोणा एकावर नाही. आम्ही म्हणतो, एक तालुका घ्या; देपालपूरच घ्या. एक प्रश्न घ्या, नरवाईचाच घ्या. निरनिराळ्या विद्यांचे चार तरुण अभ्यासक तेथे तीन वर्षे राहावयास पाठवा: एक यंत्र जाणणारा, एक माती जाणणारा, एक माणसांचे व्यवहार जाणणारा, आणि एक त्यांची भाषा, गाणी व चित्रे जाणणारा. चौघांनी मिळून एकच प्रबंध लिहावा. आणि तो परीक्षकाकडे जाण्यापूर्वी देपालपूरच्या चावडीवर माळवीत वाचून दाखवावा. ओट्यावरच्या वृद्धाने मान डोलाविली तर पदवी द्यावी. त्याने तिसरा प्रश्न विचारला तर आणखी एक वर्ष द्यावे.

"असे पदवीच्या नियमांत बसत नाही," असे कोणी म्हणेल. आम्हांस ते ठाऊक आहे. नियम माणसांनी केले आहेत आणि बांधही माणसांनीच घातले आहेत. या पत्राच्या एकाच शिवणीत मराठी आणि कोंकणीची पाने शेजारी नांदतात, त्यामुळे दोहोंपैकी एकीचेही काही उणे झालेले नाही. विद्यांनाही असे नांदता येईल. तोवर माहितीपत्रकांतल्या याद्या लांबत राहोत. आम्ही पुढल्या चैत्रात पुन्हा देपालपूरच्या त्या बांधावर जाऊ, आणि विविधता मोजावयाची झाल्यास ती तेथे, नरवाई जळाली की मुरली, यावरूनच मोजू.